एकाकी कुमार आणि समूह : मराठी कथनातील एक धागा

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना श्रोता वगळला जातो. ‘आपण’ म्हणताना तो सामावला जातो. समूहाशी असलेले व्यक्तीचे नाते व्याकरणानेच असे द्विविध ठरविलेले असल्यामुळे, मराठी कथनातील एकाकी कुमार कोणापुढे व कोणत्या सर्वनामाने बोलतो, हा प्रश्न केवळ शैलीचा राहत नाही. तो सामाजिक इतिहासाचा होतो. या प्रश्नाचा विचार करताना वर्धा जिल्ह्याचा इतिहास विशेष उपयोगी पडतो.

१९२१ साली विनोबा वर्ध्यास आले व तेथे आश्रमजीवनाचा प्रारंभ झाला. ठरलेल्या वेळी उठणे, कातणे, सफाई, सामुदायिक प्रार्थना असा तो क्रम. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली. तिच्यातही मुलाचे शिक्षण समूहाच्या उत्पादक श्रमाशी जोडलेले होते. वरवर पाहता ही सारी एकसारखेपणाची शिस्त वाटते. तथापि याच भूमीत १९२८ साली जमनालाल बजाज यांनी लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले करून रूढ समाजाचा रोष पत्करला. आणि १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे विनोबांनी जो सत्याग्रह आरंभिला, त्याचे नावच ‘वैयक्तिक’ असे होते. शिस्त आणि अनुकरण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात यावे. स्वीकारलेल्या शिस्तीने मनुष्य एकटा उभा राहण्यास समर्थ होतो. केवळ अनुकरणाने तो त्यास असमर्थ होतो.

हाच भेद साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त कथारूपाने आढळतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने गुरुजींनी लिहून घेतली. पुढील वर्षी फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली, व ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. ग्रंथाची रचना लक्षणीय आहे. श्याम आपले बालपण आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्री सांगतो. त्याचा ‘मी’ अत्यंत खाजगी आहे, परंतु तो बैठकीत उच्चारलेला आहे. श्रोत्यांच्या उपस्थितीने त्याचा हळूहळू ‘आपण’ होत जातो. आईची शिकवणही दुहेरी आहे. पोहण्यास भिऊन लपलेल्या श्यामला ती छडीने बाहेर काढते. लोक त्याला भित्रा म्हणतील हे तिला सहन होत नाही. येथे समूहाचा निकष तिला मान्य आहे. परंतु एका वृद्ध महार स्त्रीची मोळी उचलून देण्यास तीच त्याला सांगते. मागाहून स्नान करण्याचीही सूचना ती देते, म्हणजे रूढीचा पाश पूर्णपणे सुटलेला नाही. तरीही कोठे समूहाप्रमाणे वागावे व कोठे त्याच्या पलीकडे जावे, याचा निर्णय विवेकावर सोपविण्याची ही सुरुवात होय. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरासाठी १९४७ साली गुरुजींनी केलेले उपोषण या धाग्यापासून वेगळे काढता येत नाही.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) ही बैठकच नाहीशी झालेली दिसते. सांगवीहून पुण्यास शिकावयास आलेला पांडुरंग सांगवीकर वसतिगृहात चारचौघांप्रमाणे वागून पाहतो, पदे सांभाळतो, पैसा उधळतो, आणि अखेर रित्या हाताने गावी परततो. ज्याच्यापुढे मन मोकळे करावे असा समूह त्याला गवसत नाही. ‘उदाहरणार्थ’ व ‘वगैरे’ हे शब्द तो पुनःपुन्हा योजतो, ते याच कारणाने अर्थपूर्ण ठरतात. सर्वांनी गृहीत धरलेल्या विधानापासून बोलणारा त्यांच्या आधाराने एक पाऊल मागे सरतो. सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’शी (१९५१) या कादंबरीची तुलना केली जाते. परंतु पांडुरंगाच्या एकाकीपणाला परतण्यासाठी गाव आहे, वडील आहेत, मृत बहिणीची आठवण आहे. त्याचा तुटलेपणा कौटुंबिक बंधांच्या आतला आहे.

प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’मधील (१९९४) लंपन आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांजवळ वाढतो. त्याची सीमाभागातील बोली हीच त्याची स्वतंत्र दृष्टी होय. तो बंड करीत नाही. तो निराळे पाहतो, आणि आजीआजोबांचे घर त्याच्या निराळेपणाला जागा देते.

तात्पर्य, एकाकी कुमार मराठी कथनात समूहाचा शत्रू म्हणून क्वचितच अवतरतो; तो बहुधा ऐकणाऱ्याच्या शोधात असतो. श्यामला आश्रम लाभला, लंपनला घर लाभले, पांडुरंगाला वसतिगृहात कोणीच लाभले नाही. वर्ध्याच्या प्रयोगांची पारख याच निकषावर करणे योग्य होईल. एकत्र कातणाऱ्या मुलांत एखादे वेगळे मूल बोलू लागले, तर त्याचे ऐकून घेण्याची सोय त्या रचनेत आहे काय? जेथे ती आहे, तेथे शिस्त शिक्षण ठरते; जेथे नाही, तेथे ‘आपण’ हा शब्द उच्चारला जातो, पण त्याचा अर्थ मात्र ‘आम्ही’ एवढाच उरतो.