सुरतेच्या वाटा

कांहीं गांवें अशीं असतात कीं, तीं शेजारच्या प्रांताच्या इतिहासांत पुन्हां पुन्हां डोकावतात. मराठ्यांच्या इतिहासांत सुरतेचें तसें आहे. १६६४ व १६७० ह्या सालीं शिवाजीमहाराजांनीं सुरत लुटली, हें शाळेंतलें मूलही सांगेल. पुढें मार्च १७७५ मध्यें पुण्याची गादी मिळविण्यासाठीं रघुनाथराव पेशव्यांनीं इंग्रजांशीं तह केला, तो सुरतेसच. डिसेंबर १९०७ मध्यें राष्ट्रसभा दुभंगली तीही सुरतेस. आणि २० जून २०२२ च्या रात्रीं महाराष्ट्रांतील सत्ताधारी शिवसेनेच्या आमदारांचा एक गट एकनाथ शिंदे ह्यांच्याबरोबर मुंबईहून निघाला, तोही प्रथम सुरतेसच जाऊन थांबला.

पुण्याच्या कसबा पेठेंत राहणाऱ्या मनुष्यास ती तारीख आणखी एका कारणानें आठवते. त्याच दिवशीं मुंबईंत विधानपरिषदेची निवडणूक होती. कसब्याच्या आमदार मुक्ताताई टिळक त्या वेळीं कर्करोगानें जर्जर झालेल्या होत्या. तरीही त्या रुग्णवाहिकेंतून मुंबईस गेल्या व मत देऊन परतल्या. दहा दिवसांपूर्वीं राज्यसभेच्या निवडणुकीसाठींही त्या अशाच गेल्या होत्या. राज्यसभेच्या निवडणुकींत आमदारास आपलें मत पक्षाच्या प्रतिनिधीस दाखवावें लागतें. विधानपरिषदेच्या निवडणुकींत तें गुप्त असतें. म्हणजे दुसऱ्या खेपेस त्यांनीं कोणास मत दिलें हें कोणासही कळणार नव्हतें. आणि न जाण्यास जें निमित्त त्यांच्यापाशीं होतें, तें कोणीही मान्य केलें असतें. २२ डिसेंबर २०२२ रोजीं त्या वारल्या.

एकाच दिवशींचे हे दोन प्रवास मी गेलीं कांहीं वर्षें मनांत शेजारीं शेजारीं ठेवून पाहत आहें. त्यांतली सर्वांत बोचणारी गोष्ट अशी कीं, ज्या पक्षासाठीं मुक्ताताईंनीं तो प्रवास केला, त्याच पक्षास रात्रींच्या प्रवासाचा लाभ झाला. ३० जूनला नवें मंत्रिमंडळ आलें आणि तो पक्ष सत्तेंत सहभागी झाला. स्वतःस पुराणमतवादी म्हणवून घेण्यास मला संकोच वाटत नाहीं. जुन्या संस्था एका पिढीच्या बुद्धीपेक्षां शहाण्या असतात, त्या मोडणें सोपें व उभारणें कठीण, असें मी मानतों व तीस वर्षें वर्गांत तसेंच शिकवीत आलों आहें. परंतु ज्यास रक्षण करावयाचें आहे, त्यानें आपण नेमकें कशाचें रक्षण करतों ह्याचें उत्तर देण्यास बांधलेलें असावें. तें उत्तर शोधण्यासाठीं सुरतेच्या जुन्या वाटा पुन्हां एकदां पाहाव्या लागतात.

रघुनाथरावांचें उदाहरण प्रथम घेऊं. ऑगस्ट १७७३ मध्यें शनिवारवाड्यांत नारायणरावांचा वध झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनीं रघुनाथरावांस दोषी ठरविलें. नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके प्रभृति कारभाऱ्यांनीं एकत्र येऊन जें कारस्थान केलें, त्यास आपण बारभाईंचें कारस्थान म्हणतों. एप्रिल १७७४ मध्यें पुरंदरावर गंगाबाईंस पुत्र झाला, आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या मुलाच्या नांवें पेशवाईचीं वस्त्रें आणण्यांत आलीं. एकीकडे अनुभवी, शूर, अटकेपर्यंत मोहीम केलेला पुरुष. दुसरीकडे पाळण्यांतलें मूल. कर्तृत्वच पाहावयाचें तर निवड उघड होती. पण कारभाऱ्यांनीं पाळण्याची बाजू घेतली, कारण त्या पाळण्यांत गादीचा नियम होता. रघुनाथरावांचें म्हणणें असें कीं, ‘मी म्हणजेच पेशवाई.’ त्यासाठीं त्यांनीं साष्टी व वसई इंग्रजांस देऊं केली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललेलें युद्ध महाराष्ट्रावर ओढवलें.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. २०२२ च्या आमदारांनीं परकीयांस बोलाविलें नाहीं, कोणाचा प्रांत दिला नाहीं, रक्त सांडलें नाहीं. दोन्ही प्रसंगांस एकाच तागडींत घालणें हा इतिहासाचा दुरुपयोग होईल. बारभाईही देव नव्हते. सखारामबापू पुढें फिरलेच. माझा मुद्दा एवढाच कीं, संस्था मोठी कीं तींतला बलवान पुरुष मोठा, हा प्रश्न पुण्यास नवा नाहीं. आणि पुण्यानें एकदां त्याचें उत्तर संस्थेच्या बाजूनें दिलें होतें.

१९०७ ची गोष्ट निराळी. राष्ट्रसभा फुटली ती तत्त्वाच्या वादावर. नेमस्तांनीं स्वतंत्र परिषद भरवून सभेचें ध्येय नव्यानें बांधलें. टिळकपक्ष बाहेर राहिला. टिळकांनीं १९०८ ते १९१४ हीं वर्षें मंडालेस काढलीं, आणि १९१६ सालीं लखनौस दोन्ही पक्ष पुन्हां एकत्र बसले. त्या भांडणांत कटुता भरपूर होती. परंतु फुटणाऱ्याच्या हातीं फुटीच्या मोबदल्यांत मंत्रिपद येत नव्हतें, आणि कोणा मतदारानें दिलेलें मत कोणी दुसरीकडे वळवीत नव्हता. मतभेदाची किंमत मतभेद करणारा स्वतः भरीत होता.

स्वराज्यांत हें उलटें झालें. महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर जुलै १९७८ मध्यें शरद पवारांनीं वसंतदादा पाटलांचें मंत्रिमंडळ सोडलें, सरकार पाडलें आणि १८ जुलैस ते स्वतः मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी १९८० मध्यें तें सरकार बरखास्त झालें. त्या काळीं पक्षांतरास कायद्याचा अडसर नव्हता. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनें तो आला. पण विधिमंडळांतल्या एक तृतीयांश सभासदांनीं मिळून फूट पाडली तर ती क्षम्य ठरली. एकटा फुटला तर पाप आणि टोळीनें फुटला तर पुण्य, असा त्याचा व्यावहारिक अर्थ झाला. २००३ च्या एक्याण्णवाव्या दुरुस्तीनें ती सवड काढून टाकली व दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची तेवढी ठेवली.

मग २०२२ मध्यें काय झालें? फुटलेल्यांनीं आपण फुटलोंच नाहीं, आपणच मूळ पक्ष आहों, असें सांगितलें. १७ फेब्रुवारी २०२३ रोजीं निवडणूक आयोगानें शिवसेना हें नांव व धनुष्यबाण शिंदे गटास दिला. ११ मे २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें राज्यपालांनीं बहुमतचांचणी बोलाविणें चूक ठरविलें. पण उद्धव ठाकरे ह्यांनीं चांचणीस सामोरें न जातां राजीनामा दिलेला असल्यामुळें त्यांचें सरकार परत आणतां येत नाहीं, असेंही सांगितलें. १० जानेवारी २०२४ रोजीं विधानसभाध्यक्षांनीं शिंदे गट हाच खरा पक्ष ठरविला, आणि दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र झाला नाहीं. मधल्या काळांत २ जुलै २०२३ रोजीं अजित पवारांनीं शपथ घेतली होती. फेब्रुवारी २०२४ मध्यें राष्ट्रवादी काँग्रेसच्या बाबतींतही निकाल ह्याच वळणानें गेले. पक्षांतराचा कायदा शाबूत आहे, दोन पक्ष उभे फुटले आहेत, आणि पक्षांतर मात्र कोणीच केलेलें नाहीं! हें मी वर्गांत सांगतों तेव्हां मुलें हंसतात. पूर्वीं हा भाग शिकवितांना मुलें वाद घालीत. वादांत अद्यापि आशा असते. त्या हंशाची मला भीति वाटते.

निष्पक्षपातीपणानें पाहणारा म्हणेल कीं, आरंभ २०२२ पासून कां करतां? तें बरोबर आहे. २०१९ मध्यें भाजप व शिवसेना ह्यांनीं एकत्र मतें मागितलीं व निकालानंतर फारकत घेतली; २३ नोव्हेंबरच्या सकाळीं एक सरकार झालें व २६ तारखेस पडलें; २८ तारखेस तिसऱ्याच जुळणीचें सरकार आलें. ज्यानें युतीस म्हणून मत दिलें होतें, त्याचा विश्वासभंग त्याच महिन्यांत झाला. तेव्हां ह्या पापाची वाटणी करावयाची तर कोणाचेंच ताट रिकामें राहत नाहीं. परंतु ‘त्यांनीं आधीं केलें’ हें समर्थन पुराणमतवाद्यास शोभत नाहीं. दुसऱ्यानें भिंतीस भोंक पाडलें म्हणून आपण दार काढून न्यावें, असा त्याचा अर्थ होतो.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. ज्या एडमंड बर्कला आम्ही पुराणमतवाद्यांचा आचार्य मानतों, त्यानें १७७४ सालीं ब्रिस्टलच्या मतदारांस सांगितलें होतें कीं, प्रतिनिधीनें आपली बुद्धि मतदारांच्या हुकुमावर गहाण टाकूं नये. मग आमदारास सदसद्विवेकबुद्धीनें पक्ष बदलण्याची मोकळीक नको काय? अवश्य हवी. पण बर्कची पुढची गोष्ट विसरली जाते. १७८० सालीं तो त्याच ब्रिस्टलकरांपुढें परत गेला, आपल्या वागणुकीचा जबाब दिला, मतें आपल्या बाजूस नाहींत असें पाहिलें आणि उमेदवारी सोडून निघाला. विवेकाचें स्वातंत्र्य आणि त्याची किंमत हीं दोन्ही त्यानें एकत्रच घेतलीं.

आपल्याकडेही ही रीत अपरिचित नाहीं. मार्च १९४८ मध्यें नाशिकास समाजवादी मंडळींनीं काँग्रेस सोडण्याचा ठराव केला, तेव्हां संयुक्त प्रांतांत आचार्य नरेंद्र देव व त्यांचे सहकारी ह्यांनीं विधिमंडळाच्या जागा सोडल्या. कारण त्या काँग्रेसच्या नांवावर मिळालेल्या होत्या. पोटनिवडणुकींत आचार्य स्वतः पडले. २००५ सालीं नारायण राणे शिवसेनेंतून काँग्रेसमध्यें गेले, तेव्हां त्यांनीं आमदारकी सोडून मालवणांत पुन्हां निवडणूक लढविली व जिंकली. २०१९ सालीं उदयनराजे भोसले ह्यांनीं खासदारकी सोडून साताऱ्यास नव्या पक्षातर्फे मतें मागितलीं व ते हरले. एक जिंकला, एक हरला. पण दोघांनींही मतदारास विचारलें. त्यांच्या राजकारणाविषयीं कोणाचें मत कांहींही असो, विचारण्याची ही कृति सभ्य होती.

ज्याचें रक्षण व्हावें तें मला येथें सांपडतें. पक्षाचें नांव, चिन्ह, झेंडा, पुढारी हीं सर्व मतदारास दिलेल्या शब्दाचीं वस्त्रें आहेत. शब्द राहिला तर वस्त्रें बदलतां येतात. शब्द गेला म्हणजे नुसतीं वस्त्रें कोणाच्या कपाटांत आहेत, एवढाच वाद उरतो.

कसब्याच्या मतदारानें हें आपल्या परीनें सांगितलें असें मला वाटतें. १९९५ पासून ही जागा एकाच पक्षाकडे होती. त्यांतल्या पांच निवडणुका गिरीश बापट ह्यांनीं जिंकलेल्या. फेब्रुवारी २०२३ च्या पोटनिवडणुकीच्या वेळीं बापट इतके आजारी होते कीं, चाकांच्या खुर्चींत बसून, नाकाशीं प्राणवायूची नळी लावून ते कार्यकर्त्यांपुढें आले. पुढच्याच महिन्यांत ते वारले. तरीही २ मार्चच्या निकालांत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर दहा हजारांहून अधिक मतांनीं निवडून आले. हरलेल्या हेमंत रासने ह्यांनीं पक्ष बदलला नाहीं. नोव्हेंबर २०२४ मध्यें त्यांनीं तीच जागा त्याच पक्षाच्या नांवावर परत घेतली. मार्च २०२५ मध्यें धंगेकर शिंदे ह्यांच्या शिवसेनेंत गेले. तेव्हां त्यांच्यापाशीं लोकांनीं दिलेली कोणतीही जागा नव्हती, म्हणून माझा नियम त्यांस लागत नाहीं, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण पोटनिवडणुकींत ज्यांच्याविरुद्ध मतें मागितलीं त्यांच्याच पंगतींत दोन वर्षांनीं उमेदवार बसला, हें पाहून मतदारानें काय समजावें?

ह्याच काळांत आणखी एक गोष्ट मुकाट्यानें घडली. पुणे महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली. प्रभागरचना व आरक्षण ह्यांचे वाद न्यायालयांत अडकले आणि निवडणूक जानेवारी २०२६ मध्यें झाली. ज्या शहराच्या नगरपालिकेचें अध्यक्षपद गोखल्यांनीं भूषविलें, तें शहर जवळजवळ चार वर्षें लोकनियुक्त सभेवांचून, प्रशासकाच्या हुकुमांवर चाललें. कसब्यांतल्या गल्लींत पाणी आलें नाहीं तर कोणाचें दार ठोठवावें, हा प्रश्न होता. मुंबईस कोणता गट मूळ ह्याचा कीस निघत असतां पुण्यास मतपेटीच उघडली नाहीं, आणि त्यासाठीं कोणत्याही पक्षानें आपलें सर्वस्व पणास लावल्याचें दिसलें नाहीं. शब्द स्वस्त झाला म्हणजे तो विचारण्याची वेळ पुढें ढकलणेंही स्वस्त होतें.

उपाय फार मोठा नाहीं. ज्यानें ज्या पक्षाच्या नांवावर जागा घेतली, त्यानें तो पक्ष सोडतांना, एकट्यानें असो वा चाळिसांनीं, जागाही सोडावी व पुन्हां मत मागावें. आणि तोंपर्यंत मंत्रिपदास शिवूं नये. पण कायद्याच्या आधीं त्याची लाज परत आली पाहिजे. आणि ती प्रथम आम्हां पुराणमतवाद्यांच्या अंगणांत यावी, कारण परंपरेचें नांव आम्हीच अधिक घेतों.

मुक्ताताई ज्या दिवशीं रुग्णवाहिकेंतून मुंबईस गेल्या, त्या दिवशींचें त्यांचें मत गुप्त होतें. २६ फेब्रुवारी २०२३ रोजीं पोटनिवडणुकींत मीं दिलेलें मतही गुप्त आहे, व तें तसेंच राहील. इतकें मात्र सांगतों कीं, यंत्रासमोर मी नेहमीपेक्षां पुष्कळ वेळ उभा होतों. तीस वर्षांत असें प्रथमच झालें.