गाळलेले अनुस्वार
१९१७ आणि १९३५ साली साहित्य संमेलन आपल्या इंदुरात भरले, तेव्हा मराठी 'तें घर' आणि 'ते लोक' असे वेगळे लिहिले जाई. महामंडळाने १९६२ साली १४ नियम केले, १९७२ साली आणखी ४. व्युत्पत्तीवरून येणारे अनुस्वार गेले. आधीच छापलेल्या ग्रंथराशीचे काय करावे? महामंडळाने रेघ आखली: केशवसुतांपूर्वीचे पद्य व विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाप्रमाणे राहावे, पुढचे नव्या नियमांनी छापावे. म्हणजे ग्वाल्हेरचे राजकवी तांबेही नव्या लेखनात आले. वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची सवलत तेवढी कवींना राहिली. अनुस्वार पुसणे सोपे. पण 'नांव' आणि 'नाव' एक झाल्यावर नाम की होडी, हे संदर्भच सांगतो. छापील पानावरून मूळ पाठ परत मिळत नाही.

संगणकक्षेत्रातील आपली नातवंडे हा पेच जाणतात. पायथन या संगणकभाषेचे नवे रूप २००८ साली आले. जुन्या आज्ञावल्या बदलून घेण्यास २०२० उजाडेपर्यंत मुदत होती, आणि बदलण्याआधीची प्रत जपून ठेवण्याचा त्या व्यवसायाचा शिरस्ताच आहे.

तुकोगंजातील जुन्या घरांत १९६२पूर्वीची आवृत्ती असल्यास, फाटकी असली तरी, ती रद्दीत देऊ नये, अशी आमची विनंती आहे.