कायदा उंबरठ्यावर का थांबतो?

रेवदंड्यात नारळी-पोफळीच्या वाडीतल्या घरात बसून मुंबईच्या ऑफिसचे काम करणारी मुले-मुली आज भेटतात. लोक म्हणतात, घरबसल्या पगार, नशीब काढले! आम्ही विचारतो : रात्री ११ पर्यंत स्क्रीनपुढे बसून पाठ गेली, डोळे गेले, तर जबाबदार कोण?

हा प्रश्न लॅपटॉपबरोबर आलेला नाही. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा १०० कामगारांच्या कारखान्यापुरता होता. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. त्या काळात आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. सुरक्षित काम ही मालकाची मेहेरबानी नव्हे, कामगाराचा हक्क आहे, ही दिशा तेव्हाच ठरली. तरी १९४८ चा कारखाने कायदा माणसे मोजूनच लागू झाला : विजेवर १०, विजेविना २०. मग घरात विड्या वळणाऱ्या बाईचे काय?

‘जय भीम’ देणारे कामठीचे बाबू हरदास एल. एन. याच विडी कामगारांत राबले. पुढे १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी वळणारीलाही कामगार मानले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. पण त्यातली स्वच्छतेची, हवा-उजेडाची कलमे ‘औद्योगिक जागे’पुरती होती आणि त्या व्याख्येतून राहते घर वगळले होते. म्हणजे तिच्या हातांना कायदा मिळाला, फुप्फुसांना नाही!

२०२० च्या सुरक्षा व आरोग्य संहितेने १३ कायदे एकत्र केले, हा विडी कायदाही त्यात आला. आस्थापनेची मोजणी पुन्हा १० कामगारांची. घरून काम करणाऱ्याची व्याख्या आहे ती सामाजिक सुरक्षा संहितेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ पासून घरच्या कामगाराला सुरक्षेतही समान वागणूक द्या म्हणतो. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

काही म्हणतील, मग इन्स्पेक्टर घरात घुसवायचा का? घर ही खासगी बाब, हे उत्तर हिंदू कोड बिलाच्या वेळीही ऐकवले गेले होते. इथे घर तपासायची गरजच नाही. खुर्ची-टेबलाचा खर्च, कामाचे ठरलेले तास, त्यानंतर फोन न उचलण्याचा हक्क, कामाने जडलेल्या दुखण्याचा उपचार, हे सारे मालकावर बंधनकारक करा.

कायदा जागेच्या नव्हे, कामगाराच्या मागे गेला पाहिजे. विडीवाल्या आयाबहिणींचा हा अर्धवट राहिलेला लढा आता लॅपटॉपवाल्या लेकरांनी आपला मानावा. संघटित व्हा!

जय भीम!