काप-फ्राँसेची चिता आणि पुण्याचा पिंपळ

टेंभुर्णीजवळ पुणे-सोलापूर महामार्गावरून पंढरपूरचा रस्ता फुटतो. आसपास सगळा ऊस. पंढरपूर आणि मोहोळ यांच्या दरम्यानच्या टापूत आष्टी आहे. २० फेब्रुवारी १८१८ रोजी तेथे बापू गोखले धारातीर्थी पडले, छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले आणि पेशवाईचा शेवट ठरून गेला. रस्ता न बदलता सरळ गेले, तर सोलापूर लागते. तिथे पुढच्या शतकात सरकारने तारेच्या कुंपणाआड ‘गुन्हेगार जमातीं’ची वसाहत वसवली.

राज्य बदलले, पण सर्वांत खालच्या माणसाचे काय झाले? हा प्रश्न एका क्यूबन कादंबरीकाराने दुसऱ्याच एका उसाच्या मुलुखाला विचारला होता. त्याचे नाव आलेहो कार्पेंतिए. १९४३ मध्ये तो हैतीला गेला आणि १९४९ मध्ये त्याची ‘एल रेइनो दे एस्ते मुंदो’, म्हणजे ‘या जगाचे राज्य’, ही कादंबरी प्रसिद्ध झाली. पुढे ज्याला जादुई वास्तववाद म्हटले गेले, त्याच्या आरंभीच्या ग्रंथांत तिची गणना होते.

हैती तेव्हा फ्रान्सची वसाहत होती, नाव सँ-दोमँग. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे जवळपास पाच लाख आफ्रिकी गुलाम होते. युरोपच्या चहा-कॉफीतली साखर मोठ्या प्रमाणावर त्यांच्याच घामातून येई. माकांदाल हा त्यांपैकीच एक. उसाच्या चरकात त्याचा हात गेला असे सांगतात. तो मळ्यातून पळाला, डोंगरात राहिला, वनस्पतींची विषे ओळखू लागला आणि मळेवाल्यांमध्ये त्याच्या विषाची दहशत पसरली. जानेवारी १७५८ मध्ये काप-फ्राँसे शहरात, गुलामांच्या गर्दीसमोर, त्याला जिवंत जाळण्यात आले.

जाळताना तो बांधलेल्या खांबावरून क्षणभर सुटला. गर्दीत एकच कल्लोळ उठला : माकांदाल वाचला! सैनिकांनी त्याला पुन्हा आगीत टाकले. फ्रेंच कागदपत्रांच्या लेखी प्रकरण तेथेच संपते. गुलामांच्या लेखी तो माशी होऊन, पक्षी होऊन उडून गेला. कार्पेंतिए या दोन साक्षींमध्ये निवाडा करत नाही. तो दोन्ही एकाच परिच्छेदात, एकाच गंभीर स्वरात ठेवतो, आणि वाचकाच्या ध्यानात येते की पुढचा इतिहास दुसऱ्या साक्षीने घडवला. ऑगस्ट १७९१ मध्ये सँ-दोमँगचे गुलाम उठले. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाले. गुलामांच्या बंडातून राष्ट्र उभे राहिल्याचे असे दुसरे उदाहरण जगाच्या इतिहासात नाही.

त्याच १७९१ सालच्या ७ सप्टेंबरला, म्हणजे उठाव पेटल्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच, पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडी गावात उमाजी नाईक जन्मला. हा निव्वळ योगायोग, त्याला अर्थ चिकटवू नये. रामोशी गुलाम नव्हते, हेही स्पष्ट असावे. मराठी राज्यात विकत घेतलेले गुलाम आणि कुणबिणी होत्या. रामोशांचे स्थान वेगळे होते. ते किल्ल्यांचे आणि गावांचे राखणदार होते आणि त्या राखणीचे हक्क त्यांच्याकडे वंशपरंपरेने होते. पण दुसऱ्या बाजीरावाच्या काळातच पुरंदरच्या रामोशांचे दरबाराशी बिनसले, आणि कंपनीचे राज्य आल्यावर तर किल्ल्यांनाच काम उरले नाही. ज्याच्या हाती राखण होती, तोच आता सरकारी कागदात चोर ठरू लागला.

उमाजीला पहिली शिक्षा झाली, तेव्हा तुरुंगात तो लिहायला-वाचायला शिकला. पुढे बंड, मग कंपनीची माफी आणि नोकरी, मग पुन्हा बंड. १८३१ च्या त्याच्या जाहीरनाम्यात कंपनीची चाकरी सोडा, सारा भरू नका, असे आवाहन आहे. दरोडेखोराची भाषा अशी नसते. ही राज्य मागणाऱ्याची भाषा आहे, आणि कंपनीचे अधिकारीही ते ओळखून होते. डिसेंबर १८३१ मध्ये तो पकडला गेला. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी झाली. त्याचे प्रेत तीन दिवस पिंपळाला टांगून ठेवले होते, असे सांगितले जाते.

काप-फ्राँसेची चिता आणि पुण्याचा पिंपळ एकाच भीतीपोटी उभे राहिले होते. बंडखोराला मारून भागत नव्हते. तो मेला, हे लोकांना दाखवावे लागत होते, कारण लोक त्यावर विश्वास ठेवणार नाहीत, याची सत्तेला खात्री होती. उमाजीच्या मोहिमेत असलेल्या कॅप्टन मॅकिन्टॉशने पुढच्याच वर्षी, १८३३ मध्ये, रामोशांवर इंग्रजीत पुस्तक छापले आणि त्यात उमाजीचे चरित्र घातले. पराभूत शत्रूचे चरित्र इतक्या तातडीने लिहावेसे वाटावे, यातही त्या भीतीचा अंश असावा.

कार्पेंतिएच्या कादंबरीचा खरा दंश मात्र उत्तरार्धात आहे. म्हातारा ती नोएल स्वतंत्र मायभूमीत परततो. तेथे आता कृष्णवर्णीय राजा आहे, हेन्री क्रिस्तॉफ. त्याच्या डोंगरी किल्ल्यासाठी नोएलला विटा वाहाव्या लागतात. मालक बदलला, चाबूक तोच.

इकडे कंपनी सरकारने १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. तिचा गाजावाजा आजही होतो. त्याच राज्यकर्त्यांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली. जन्मतःच गुन्हेगार, ही कल्पना जादुई वास्तववादालाही सुचली नसती. सोलापूरच्या वसाहतीत पारधी, कैकाडी, भामटा, मांग-गारुडी अशा जमातींची माणसे होती. दिवसा गिरणीत काम, ठरल्या वेळी हजेरी, परवान्याशिवाय बाहेर जायचे नाही. त्यांना कोणी विकत घेतले नव्हते, एवढाच फरक. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, या जमाती विमुक्त झाल्या. त्यानंतरही ‘सराईत गुन्हेगार’ नावाचे कायदे पोलिसांच्या हाती राहिलेच.

यावर मराठीत कार्पेंतिएसारखी कादंबरी गाजली नाही. आली ती आत्मकथने : लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’, भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’. त्यांत कोणीही माशी होऊन उडत नाही. उपास, मारहाण, पोलीस चौकी, शाळेचा उंबरठा, सारे जसेच्या तसे. हैतीच्या गुलामांपाशी चमत्कारावर विश्वास ठेवणारी गर्दी होती. या लेखकांसमोरचा वाचक त्यांच्या साध्या हकिकतीवरही विश्वास ठेवायला तयार नव्हता, म्हणून त्यांना अद्भुताची चैन परवडली नसावी.