हजेरीच्या घड्याळाची किल्ली

आयबीएम म्हटलं की संगणक डोळ्यांपुढे येतो. या कंपनीची वंशावळ मात्र मागे मागे नेली, तर ती एका जवाहिऱ्याच्या दुकानात जाऊन पोचते. अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी विलर्ड बंडी नावाचा हा जवाहिऱ्या राहायचा. कामगार किती वाजता आला आणि किती वाजता गेला हे कागदावर छापून ठेवणारं घड्याळ त्यानं 1888 च्या सुमारास तयार केलं. पुढच्याच वर्षी भावाला हाताशी धरून बिंगहॅम्टनला त्यानं या घड्याळांचा कारखाना काढला. धंदा चालला, स्पर्धक उभे राहिले, मग ते एकेक करून एकमेकांत विलीन झाले. 1900 साली इंटरनॅशनल टाइम रेकॉर्डिंग कंपनी झाली. 1911 साली तिची मोट तराजूवाल्यांशी आणि हर्मन होलेरिथच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांवर आकडेमोड करणाऱ्या यंत्रांशी बांधली गेली, आणि 1924 साली या सगळ्या गोतावळ्याचं नाव झालं आयबीएम. हजेरीच्या घड्याळांचा धंदा कंपनीनं 1958 साली विकून टाकला. तोपर्यंत घरातलं दुसरं पोर मोठं झालं होतं.

बंडीचं यंत्र कसं चालायचं? प्रत्येक कामगाराला आपापल्या नंबरची एक किल्ली. आला की ती यंत्रात घालून फिरवायची; आत गुंडाळलेल्या कागदी पट्टीवर नंबर आणि वेळ उमटायची. जाताना पुन्हा तेच. पट्टी काढून कारकून बसायचा हिशेबाला. यातली पळवाट सांगायला कुणी हुशार माणूस लागत नाही. किल्ली आपली, पण ती फिरवणारा हात मित्राचाही चालतो. बंडीच्या स्पर्धकांपैकी अलेक्झांडर डे याच्या यंत्रात किल्लीच नव्हती. मोठ्या लोखंडी चक्रावर गोलाकार नंबरांची भोकं असायची. मधला दांडा फिरवून आपल्या नंबरावर आणायचा आणि दाबायचा. शेजाऱ्याच्या नंबरावर दाबला तरी यंत्राची काही हरकत नसे. 1894 साली रॉचेस्टरच्या डॅनियल कूपरनं माणसागणिक एक कार्ड आणि त्यावर छापली जाणारी वेळ अशी रचना केली, आणि ती जवळपास शंभर वर्षं टिकली. चोरी तिनंही थांबवली नाही. तिनं कारकुनाचं काम वाचवलं. पट्टीवरून एकेकाचे तास वेगळे काढायची गरजच उरली नाही. ज्याचा त्याचा आठवडा ज्याच्या त्याच्या कार्डावर. कुठलं यंत्र बाजारात टिकतं ते अशा गोष्टीवर ठरतं, आणि विकत घेणारा नेमकी हीच गोष्ट शेवटी विचारतो.

हजेरीचं यंत्र कामगारावर पाळत ठेवायला आलं असं सर्रास म्हटलं जातं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं पाहायचं तर वाफेच्याही आधी जावं लागतं. इंग्लंडच्या ईशान्येला, न्यूकॅसलजवळ अँब्रोझ क्रॉली याचे लोखंडाचे कारखाने होते. सन 1700 च्या आसपास त्यानं आपल्या कारखान्यासाठी नियमांचं एक भलंमोठं बाडच लिहून काढलं. रोजंदारीवरच्या माणसाचे तास लिहायला देखरेख्या नेमलेला. त्यानं दारूच्या गुत्त्यात, कॉफीच्या दुकानात, जेवणात, झोपेत, गाण्यात, बातम्या वाचण्यात आणि भांडणात गेलेला वेळ वजा करायचा. ही यादी वाचली की मालकाला माणसं चांगली ओळखू येत होती हे कळतं. पण खरी गंमत घड्याळाची आहे. क्रॉलीची तक्रार अशी की लोक येताना मागे पडलेल्या घड्याळाचा दाखला देतात आणि जाताना पुढे गेलेल्या घड्याळाचा, आणि देखरेख करणारे त्याकडे काणाडोळा करतात. म्हणून हुकूम निघाला: कारखान्यात एकच घड्याळ खरं मानायचं, आणि ते असं कुलूपबंद ठेवायचं की एका नेमलेल्या माणसाखेरीज त्याला कुणाचा हात लागू नये. म्हणजे संशय दोन जागी होता. कामगारावर होताच, आणि त्याची वेळ लिहिणाऱ्यावरही.

मुंबईत हा दुसरा संशय पहिल्यापेक्षा मोठा निघाला, निदान तो तसा असायला हवा होता. कावसजी दावर यांनी 1854 साली ताडदेवला पहिली कापडगिरणी काढली. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत गिरणगाव उभं राहिलं आणि भोंग्यावर जागं होऊ लागलं. बहुतेकांच्या घरी घड्याळ नव्हतं. वेळ भोंग्याची, म्हणजेच मालकाची. आणि हजेरी मुकादमाची. माणूस कामावर लावणारा तोच, आज कुणाला घ्यायचं आणि कुणाला परत पाठवायचं हे ठरवणाराही तोच. या सगळ्याची दस्तुरी तो घेई. कायम कामगाराचा खाडा पडला की त्या दिवसापुरता बदली कामगार घ्यायचा. सकाळी गेटवर बदलींची झुंबड उडे, आणि कुणाच्या नावावर हजेरी लागणार हे मुकादमाच्या मर्जीवर असे. 1935 साली गिरणी मालकांच्या संघानं बदली नियंत्रणाची योजना आणली. ठरावीक बदलींना कार्डं द्यायची, त्यांनी रोज सकाळी गेटवर यायचं, आणि भरती त्यांच्यातूनच करायची. कामगाराच्या हातात आलेला हा पुठ्ठ्याचा तुकडा मुकादमाच्या तोंडी हुकमावर घातलेला पहिला लगाम होता. गिरणगावातल्या हजेरीच्या इतिहासात मला हे कार्ड बंडीच्या घड्याळाहून मोलाचं वाटतं.

हजेरीवरून पैसे कसे कापायचे हाही तेवढाच जुना वाद. मुंबईच्या गिरण्यांत दुहेरी खाड्याची पद्धत होती. एक दिवस दांडी मारली तर दोन दिवसांचा पगार बुडायचा. 1936 च्या वेतन कायद्यानं ती मोडली. जेवढा वेळ गैरहजर, तेवढ्याच वेळाचे पैसे कापायचे, असं त्यात लिहिलं गेलं. अपवाद ठेवला तो संपाचा: दहा किंवा जास्त माणसं संगनमतानं, पूर्वसूचना न देता गैरहजर राहिली, तर आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापता येई. आज कितीतरी ऑफिसांत तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाची रजा उडते. दहा-दहा मिनिटांचे तीन उशीर म्हणजे अर्धा दिवस कसा होतो, हे गणित दुहेरी खाड्याच्या घराण्यातलंच आहे. नवं सॉफ्टवेअर घेताना विक्रेता ‘लेट मार्कचा नियम तुमच्या मनासारखा लावून देतो’ असं सांगतो, तेव्हा आपल्या मनात जे आहे ते कायद्यात बसतं का, हे विचारायचं काम त्याचं नसतं. ते आपलं असतं.

आणि घड्याळ कुणाचं, हा क्रॉलीचा प्रश्न मुंबईत एकदा रस्त्यावर आला. 1906 च्या जानेवारीत भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या 39 मिनिटं मागे होती. म्हणजे सूर्य होता तिथंच होता, पण गिरणीत शिरायची वेळ एका रात्रीत 39 मिनिटांनी अलीकडे आली. गिरणी कामगारांनी त्याविरुद्ध काम बंद पाडलं. शहरानंही नवी वेळ सुखासुखी स्वीकारली नाही. मुंबई टाइम पुढे कित्येक दशकं रेंगाळत राहिला. त्याच्या सोळा वर्षं आधी, जून 1890 मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली होती. हजेरीपटात आज रविवारचा रकाना आपोआप रंगवून येतो, त्यामागे महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जमलेले दहा हजार कामगार आहेत.

बोटाच्या ठशाची वाट मात्र बंगालमधून आली. 1858 साली भागीरथीकाठच्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराकडून करारनाम्यावर पंजाचा ठसा उमटवून घेतला. उद्या हा माणूस ‘ही सही माझी नाही’ म्हणेल, ही भीती. पुढे 1877 मध्ये हुगळीला त्यानं पेन्शन घेणाऱ्यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, कारण पेन्शनर मेला तरी पेन्शन काही मरत नव्हती. हजर असल्याचा पुरावा म्हणून बोट वापरण्याची ही सुरुवात. त्यानंतर कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी ठशांचं वर्गीकरण बसवलं, आणि 1897 साली तिथं ठशांचं कार्यालय सुरू झालं. नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचं झालं. साहेबाचं नाव आणि कारकुनाचं काम, हाही हजेरीपटाचा जुना नियमच.

याच ठशाला आपल्याकडे एक काळी बाजू होती. गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींच्या लोकांना हजेरी द्यावी लागे, त्यांचे ठसे नोंदवले जात. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वसाहत होती. तिथली माणसं गिरणीत कामाला जात, म्हणजे दोन हजेऱ्या द्यायच्या: एक गिरणीत पगारासाठी, दुसरी वसाहतीत, पळून गेलो नाही हे दाखवायला. 1952 साली हा कायदा गेला. थंब मशीनला ‘आम्ही काय चोर आहोत का’ म्हणणाऱ्या माणसाची आपण टिंगल करतो. त्याच्या आजोबांना हा प्रश्न खरोखरच विचारायची पाळी आली असेल, हे लक्षात असावं.

1972 च्या दुष्काळानं हजेरीपट गावोगाव नेला. खडी फोडायची, ताली घालायच्या, नाला बांधायचा, आणि मस्टरवर अंगठा लावायचा. रोजगार हमी योजनेनं माणसं जगवली. त्याबरोबर मस्टरवर कधीच न आलेल्या माणसांनाही जगवलं. बोगस मस्टर हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

आता या कुळातली चालू पिढी. 2014 साली केंद्र सरकारच्या कार्यालयांत आधारवर चालणारी बायोमेट्रिक हजेरी आली. आधारचा पहिला नंबर 2010 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला दिला गेला होता, म्हणजे ही वाटही महाराष्ट्रातूनच गेली. मग एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपपासून शाळेपर्यंत सगळीकडे ‘थंब मारला का?’ सुरू झालं. लेथवरचा माणूस गेटवर कसा थंब मारतो ते एकदा उभं राहून बघावं. कूलंटनं पांढरी पडलेली, बर्र लागून लागून गुळगुळीत झालेली बोटं. पहिल्यांदा मशीन नाही म्हणतं. तो अंगठा पँटला पुसतो, मग केसांतून फिरवतो, म्हणजे जरा तेलकट होईल, मग तर्जनी लावून बघतो. मागे रांग तुंबलेली. घड्याळात होतात आठ वाजून चार मिनिटं, आणि यंत्राच्या लेखी हा माणूस अजून आलेलाच नाही. सिमेंट कालवणारा, मासळी साफ करणारी, भांडी घासणारी, सगळ्यांची हीच रड. ज्याचं काम हातांचं, त्याच्याच हातांवर यंत्राचा विश्वास बसत नाही. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे एकाच काचेवर सगळ्यांनी बोट टेकवणं धोक्याचं ठरलं, सरकारी कार्यालयांत बोटाची हजेरी काही काळ थांबली, आणि चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांचा खप वाढला. मोबाइलवरची हजेरी त्याच रेट्यात घराघरांत गेली. नागपूर महापालिकेनं तर सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसचं घड्याळच बांधलं.

रोजगार हमीच्या केंद्रीय योजनेतही 1 जानेवारी 2023 पासून कामाच्या जागेवरून दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो ॲपवर चढवणं सक्तीचं झालं. हेतू बोगस मस्टर मोडण्याचा. मग जुलै 2025 मध्ये ग्रामविकास मंत्रालयाला परिपत्रक काढावं लागलं, कारण भलतेच फोटो चढवले जात होते, आणि काही ठिकाणी तर आधीच्या फोटोचाच फोटो काढून पाठवला जात होता. उपाय काय सांगितला? ग्रामपंचायतीनं सगळे फोटो माणसांकरवी तपासावेत. बंडीच्या किल्लीपासून ॲपपर्यंत एवढी मजल मारून काम पुन्हा गावातल्या कारकुनाच्या टेबलावर येऊन पडलं.

तेव्हा तीस-चाळीस माणसांच्या धंद्यासाठी हजेरीची व्यवस्था निवडायची असेल, तर बोट की चेहरा की ॲप हा प्रश्न दुसऱ्या नंबरावर ठेवावा. पहिला प्रश्न विक्रेत्याला नव्हे, स्वतःला: आपल्याला संशय कुणाचा आहे? कामगार एकमेकांची हजेरी लावतात असं असेल तर चेहऱ्याचं यंत्र गेटवर लावून भागेल. सुपरवायझर आपल्या माणसाचे ओव्हरटाइमचे तास फुगवतो असं असेल, तर गेटवर दहा कॅमेरे लावूनही काही होणार नाही, कारण तो वेळ गेटवर चोरीला जातच नाही. तो ऑफिसात, ‘मॅन्युअल पंच’ नावाच्या एका बटणानं जातो. असं बटण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतं, आणि असायलाच हवं. माणूस बाहेर साइटवर जातो, लाइट जाते, मशीन बंद पडतं. डेमोच्या वेळी विक्रेता चेहरा किती झटकन ओळखला जातो ते दाखवील. त्याला थांबवून एवढंच दाखवायला सांगावं की हजेरी हातानं कोण कोण बदलू शकतं, बदलली तर आधीची वेळ पुसली जाते की खाली शिल्लक राहते, आणि ज्याची हजेरी बदलली त्याला आपल्या मोबाइलवर ते दिसतं का. यातलं शेवटचं उत्तर ‘नाही’ आलं, तर यंत्र कितीही स्वस्त असलं तरी दुसऱ्या विक्रेत्याला फोन लावावा.