स्की : मुलांसाठी निवड

हिमाच्छादित उतारावरून घसरत जाण्यासाठी बुटांना जोडावयाच्या लांब व अरुंद पट्ट्यांना स्की म्हणतात. नवशिक्या मुलांसाठी त्यांच्या उंचीपेक्षा आखूड व लवचिक स्की निवडण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली.

स्कीचा उगम प्रवासाच्या गरजेतून झाला. स्कँडिनेव्हिया व उत्तर रशिया येथील दलदलीत हजारो वर्षांपूर्वीच्या लाकडी स्की सापडल्या आहेत. मऊ हिमात पाय रुतू नये म्हणून त्या लांब असत. नॉर्वेच्या तेलेमार्क भागातील सोंद्रे नॉर्हाइम (१८२५–९७) याने मध्यभागी अरुंद केलेली स्की व टाच धरून ठेवणारी जोडणी वापरून वळणे सुलभ केली. आल्प्सच्या तीव्र उतारांसाठी ऑस्ट्रियातील माटिआस झ्डार्स्की (१८५६–१९४०) याने स्की आखूड केली. तरीही उभ्या माणसाने वर केलेल्या हातापर्यंत पोहोचेल ती स्की योग्य, हा ठोकताळा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होता.

हा ठोकताळा मुलांना विशेष जाचक ठरतो. नवशिक्यास प्रथम स्कीची पुढची टोके जवळ व मागची दूर ठेवून, नांगराच्या फाळासारखा आकार करून, वेग आवरण्यास शिकवितात. लांब व ताठ स्की हलक्या वजनाच्या मुलास वाकविता येत नाही, तिची टोके एकमेकींवर चढतात आणि मूल पडते. १९६०–७० च्या दशकात अमेरिकेत क्लिफ टेलर व फ्रान्समध्ये रोबेर ब्लां यांनी सु. एक मी. लांबीच्या स्कीपासून आरंभ करून क्रमाने लांबी वाढविण्याच्या पद्धतींचा पुरस्कार केला. पुढे १९९३ मध्ये स्लोव्हेनियातील एलान कंपनीने दोन्ही टोकांशी रुंद व कमरेशी अरुंद अशी स्की बाजारात आणली. या घडणीच्या स्की वळविण्यास सोप्या असल्याने एकूणच लांबी कमी झाली.

दुसरी सुधारणा पकडीची होय. बूट व स्की यांना जोडणाऱ्या पकडीस बाइंडिंग म्हणतात. जुन्या पकडीत पाय जखडलेला राही. पडताना स्की तरफेप्रमाणे पाय पिळवटून टाकी व नडगीचे हाड मोडे. स्वतःचा पाय मोडल्यानंतर याल्मार व्हाम याने १९३७ च्या सुमारास विशिष्ट ताणाखाली आपोआप सुटणारी पकड योजिली. पुढील दशकांत अशा पकडी सुधारत गेल्यावर नडगीचे अस्थिभंग पुष्कळ घटले. गुडघ्याच्या अस्थिबंधांच्या दुखापतींना मात्र त्या तितकासा आळा घालू शकल्या नाहीत.

नवशिक्या मुलाची स्की उभी केली असता साधारणतः छाती व हनुवटी यांच्या दरम्यान पोहोचावी. अगदी लहान वा हलक्या मुलास छातीपर्यंतची पुरते. स्की मऊ असावी आणि तिच्या कडा गंजलेल्या वा तुटलेल्या नसाव्यात. बूट पायाला घट्ट, पण न टोचणारा असावा. मुलांच्या व प्रौढांच्या बुटांच्या तळांची मापे भिन्न असल्याने पकड त्या बुटाशी जुळणारीच हवी. तिचा ताण मुलाचे वजन, उंची, वय, कौशल्य व बुटाच्या तळाची लांबी पाहून जाणकाराने बसवावा. प्रौढाच्या वजनासाठी बसविलेली पकड मुलाच्या पायाखाली सुटत नाही. आरंभी हातातील काठ्यांची गरज नसते.

भारतात स्कीइंग हिमालयातच शक्य आहे. काश्मीरमधील गुलमर्ग, हिमाचल प्रदेशातील सोलंग आणि उत्तराखंडातील औली ही त्याची प्रमुख केंद्रे होत. जेरेमी बुजाकोवस्की याने १९६४ मध्ये इन्सब्रुक येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतारावरील स्कीइंगमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. समुद्रसपाटीपासून सु. ३१० मी. उंचीवरील नागपूरसारख्या उष्ण शहरातील मुलाला हिमाचा सराव सहलीपुरताच मिळतो व साहित्य बहुधा भाड्याने घ्यावे लागते. अशा वेळी मोठ्या भावंडाची जुनी स्की देणे किंवा कपड्यांप्रमाणे ‘वाढत्या अंगाची’ स्की निवडणे हितावह नसते. सैल सदरा मुलाला पुढच्या वर्षी बसतो, परंतु लांब स्की व न सुटणारी पकड यांचा धोका पहिल्याच उतारावर असतो. म्हणून स्की व बूट त्या दिवसाच्या मापाचे घ्यावेत आणि उतारावर जाण्यापूर्वी पकड सुटते की नाही हे प्रशिक्षकाकडून तपासून घ्यावे.