मनावरची गोळी : सुरू कशी करावी, थांबवावी कधी?

चिकलठाणा हे नाव औरंगाबादकरांना, म्हणजेच आजच्या छत्रपती संभाजीनगरकरांना, तीन गोष्टींमुळे परिचित आहे : विमानतळ, औद्योगिक वसाहत आणि 'मिनी घाटी' या नावाने ओळखले जाणारे जिल्हा सामान्य रुग्णालय. याच औद्योगिक वसाहतीत मोठ्या औषध कंपन्यांचे कारखाने उभे राहिले आणि येथे तयार झालेल्या गोळ्या देशोदेशी गेल्या. मात्र औषधे बनविणाऱ्या गावातही एका प्रकारच्या औषधाविषयी बोलताना आवाज खाली येतो. रक्तदाबाची गोळी चारचौघांत घेतली जाते. नैराश्यावरची गोळी मात्र पाकिटाच्या आतल्या कप्प्यात दडवली जाते. दडवलेल्या औषधाविषयी कोणी प्रश्न विचारत नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नांतूनच चुका होतात. कोणी आठवड्यात गुण नाही म्हणून गोळी सोडतो, कोणी बरे वाटू लागताच सोडतो, तर कोणी शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून स्वतःसाठी तीच गोळी आणतो.

नैराश्य ही दुर्मिळ व्याधी नव्हे. बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, प्रौढांपैकी साधारणतः दर वीस जणांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने ग्रासलेले असते. त्यांतील बहुसंख्य लोक उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत. जे पोहोचतात, त्यांच्या हाती आलेले औषध योग्य रीतीने पोटात जावे, यासाठी हे विवेचन.

औषध कसे सापडले, काय करते?

या औषधांचा शोध काहीसा अपघातानेच लागला. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका क्षयरोग रुग्णालयात आयप्रोनियाझिड हे औषध वापरले जात असताना, खंगलेल्या रुग्णांच्या मनःस्थितीत लक्षणीय फरक पडल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ रोलंड कून यांनी इमिप्रमिनचा उपयोग जगापुढे मांडला. १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुऑक्सेटिनला मान्यता मिळाली आणि तुलनेने सुसह्य अशा औषधांचा काळ सुरू झाला. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन ही याच कुळातील. अमिट्रिप्टिलिन जुन्या कुळातील. व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलॉक्सेटिन, मिर्टाझापिन, ब्युप्रोपिऑन यांची घडण आणखी वेगळी. आपल्या देशाच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत अमिट्रिप्टिलिन, एस्सिटॅलोप्रॅम व फ्लुऑक्सेटिन यांचा समावेश आहे.

ही औषधे मेंदूतील सेरोटोनिन, नॉरएड्रिनॅलिन यांसारख्या संदेशवाहक रसायनांवर कार्य करतात. नैराश्य म्हणजे केवळ एका रसायनाची कमतरता, हे सोपे चित्र आता पुरेसे मानले जात नाही. मात्र मध्यम व तीव्र नैराश्यात ही औषधे अनेकांना उपयोगी पडतात, आणि समुपदेशनाची जोड मिळाल्यास उपयोग अधिक होतो. सौम्य नैराश्यात प्रत्येकाला गोळीची गरज असतेच असे नाही.

पहिली चिठ्ठी घेण्यापूर्वी

डॉक्टरांसमोर बसल्यावर काही गोष्टी न विचारताही सांगाव्यात. पूर्वी कधी अतिउत्साहाचा काळ येऊन गेला आहे का, म्हणजे झोपेची गरज कमी होणे, अखंड बडबड, पैशांची उधळपट्टी असे काही? कुटुंबात कोणाला द्विध्रुवीय विकार आहे का? असल्यास केवळ नैराश्यावरची गोळी रुग्णाला दुसऱ्या टोकाला नेऊ शकते. फिट्स, काचबिंदू, हृदयविकार, लघवीस अडथळा, यकृत किंवा मूत्रपिंडाचे विकार, गर्भधारणा अथवा तिची शक्यता, मद्यपान यांपैकी जे असेल ते सांगावे. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी सोबत न्यावी. 'ते तर आयुर्वेदिक आहे' किंवा 'ती तर साधी दुखण्याची गोळी' म्हणून काही वगळू नये.

पहिले दोन महिने

सर्वाधिक रुग्ण गळतात ते याच काळात. कारण साधे आहे : त्रास आधी होतो, गुण नंतर येतो. मळमळ, डोकेदुखी, जुलाब, अस्वस्थता, झोप उडणे किंवा गुंगी येणे हे परिणाम पहिल्या काही दिवसांतच जाणवतात आणि बहुतेकांच्या बाबतीत एक-दोन आठवड्यांत ओसरतात. झोप व भूक आधी सुधारते. मनावरचे मळभ हटू लागण्यास दोन ते चार आठवडे, आणि पूर्ण गुण येण्यास सहा ते आठ आठवडे लागू शकतात. मळमळ होत असल्यास जेवणानंतर गोळी घेतल्याने बरे वाटते. लैंगिक इच्छा वा क्षमता कमी होणे, घाम येणे, वजन वाढणे हे परिणाम मात्र रेंगाळू शकतात. संकोचापोटी ते न सांगता गोळी बंद करणारे अनेक असतात. डॉक्टरांना सांगितल्यास मात्रा कमी करणे वा औषध बदलणे शक्य असते.

एक इशारा विशेष महत्त्वाचा. पंचवीस वर्षांखालील रुग्णांत, उपचारांच्या सुरुवातीला किंवा मात्रा बदलताना, आत्महत्येचे विचार वाढण्याचा धोका काही अंशी दिसून आला आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुले व किशोरांसाठी आणि २००७ मध्ये चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी असा ठळक इशारा औषधांवर छापण्यास सांगितले. याचा अर्थ तरुणांनी औषध घेऊ नये असा नाही. पहिले काही आठवडे घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे आणि डॉक्टरांच्या भेटी चुकवू नयेत, असा आहे. विलक्षण बेचैनी, चिडचिड, आक्रमकता किंवा मरणाची भाषा दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा. घरातील गोळ्यांचा साठा या काळात रुग्णाऐवजी घरातील जबाबदार व्यक्तीकडे असावा. अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधे अतिमात्रेत हृदयाला घातक ठरतात. त्यामुळे महिनोन्‌महिन्यांचा साठा घरी करू नये आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा कुलूपबंद जागी तो ठेवावा.

तीन पाळ्यांचे गणित

औद्योगिक वसाहतीतील कामगारांसमोर एक वेगळाच प्रश्न असतो. चिठ्ठीवर 'रात्री एक गोळी' असे लिहिलेले असते आणि रुग्ण त्या आठवड्यात रात्रपाळीला असतो. मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन यांसारख्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत 'रात्री' याचा अर्थ बहुधा 'झोपण्यापूर्वी' असा असतो. अशी गोळी घेऊन यंत्रावर उभे राहणे म्हणजे बोटांशी खेळ होय. फ्लुऑक्सेटिनने काहींची झोप उडते, म्हणून ते सहसा झोपेतून उठल्यावर देतात. पाळी दर आठवड्याला बदलत असल्यास ते डॉक्टरांना प्रथमच सांगावे आणि सर्व पाळ्यांत निभेल अशी वेळ ठरवून घ्यावी. औषधाचा आपल्यावर काय परिणाम होतो हे कळेपर्यंत प्रेस, लेथ अशी यंत्रे चालविणे आणि जालना रस्त्यावरच्या गर्दीतून दुचाकी हाकणे टाळलेले बरे.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याचाही विचार हवा. पारा चाळिशीपार जातो तेव्हा अमिट्रिप्टिलिनसारख्या औषधांमुळे घाम कमी होऊन उष्माघाताचा धोका वाढू शकतो. पाणी भरपूर प्यावे, भर दुपारी उन्हातील कष्ट टाळावेत. गोळ्यांचे पाकीट मोटारीत किंवा पत्र्याच्या छपराखाली ठेवू नये. वेष्टनावर लिहिलेले तापमान पाळावे. रमजानचे रोजे असोत की नवरात्राचे उपवास, गोळी बंद न करता तिची वेळ बदलता येते का, हे डॉक्टरांना आधी विचारावे.

सोबत काय घेऊ नये?

धोका अनेकदा या गोळीत नसून तिच्या जोडीला घेतलेल्या दुसऱ्या गोळीत असतो. दुखण्यावरचे ट्रॅमाडॉल, खोकल्याच्या काही औषधांतील डेक्स्ट्रोमेथॉर्फन, अर्धशिशीवरची ट्रिप्टान औषधे यांच्यामुळे शरीरात सेरोटोनिनचे प्रमाण अतिरेकी वाढू शकते. क्षयरोगाच्या औषधांना न जुमानणाऱ्या प्रकारात दिले जाणारे लिनेझोलिड याबाबत विशेष धोक्याचे. त्यामुळे क्षयरोग केंद्रातही या गोळीचा उल्लेख करावा. ताप, थरथर, स्नायूंचे आकडणे, छातीत धडधड, जुलाब आणि गोंधळलेली अवस्था अशी लक्षणे एकत्र दिसल्यास वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. काळी शौच झाल्यास दुर्लक्ष करू नये. वृद्धांमध्ये, विशेषतः लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असताना, रक्तातील सोडियम घटून अशक्तपणा, गोंधळ किंवा तोल जाणे संभवते. आजोबांचे 'वय झाले' असे म्हणण्यापूर्वी रक्ततपासणी करून घ्यावी. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या महिलांमध्ये फ्लुऑक्सेटिन व पॅरॉक्सेटिन ही औषधे टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात. मद्य तर या औषधांच्या काळात वर्ज्यच समजावे.

आपल्याकडे एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असलेली मिश्रणे मोठ्या प्रमाणावर लिहून दिली जातात. पहिल्या काही दिवसांची घालमेल शमविण्यास क्लोनाझेपामचा उपयोग होतो, परंतु त्याची सवय लागू शकते आणि ते एकाएकी बंद केल्यास फिट्सही येऊ शकतात. आपली गोळी साधी आहे की मिश्र, आणि मिश्र असल्यास ती किती आठवडे घ्यायची, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.

दुकानाच्या खिडकीवर

ही औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास कायद्याने मनाई आहे. वेष्टनावरील व्यापारी नावांत कमालीचे साम्य असते. म्हणून मूळ घटकाचे नाव व मिलिग्रॅमचा आकडा वाचूनच पैसे द्यावेत. जेनेरिक औषध घेण्यास हरकत नाही, मात्र घटक, मात्रा आणि प्रकार तोच हवा. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या साध्या गोळ्यांऐवजी परस्पर बदलून घेऊ नयेत. त्या चावू किंवा कुटू नयेत.

थांबवावी कधी?

'बरे वाटते आहे, आता कशाला?' हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण याच वळणावर आजार परततो. पहिल्यांदाच आलेल्या नैराश्यात, पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावे, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. आजार पुनःपुन्हा येत असल्यास हा काळ दोन वर्षे वा त्याहून अधिक असू शकतो.

थांबविण्याची वेळ आली की गोळी टप्प्याटप्प्याने, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत, डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करावी. एकाएकी सोडल्यास चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्ने आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी जाणीव होऊ शकते. पॅरॉक्सेटिन व व्हेन्लाफॅक्सिनबाबत हा त्रास अधिक होतो. फ्लुऑक्सेटिन शरीरातून हळूहळू बाहेर पडत असल्याने कमी. यालाच लोक 'सवय लागली' असे म्हणतात. वस्तुतः व्यसनात दिसणारी तल्लफ किंवा मात्रा वाढवत नेण्याची ओढ येथे नसते.

नेहमीच्या शंका

*एक गोळी चुकली तर?* लवकर आठवल्यास घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असल्यास चुकलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत.

*दिवस गेले तर?* घाबरून गोळी फेकू नये. उपचाराविना राहिलेले नैराश्यही आई व बाळ दोघांना बाधते. पॅरॉक्सेटिन शक्यतो टाळले जाते. कोणते औषध चालू ठेवायचे हे स्त्रीरोगतज्ज्ञ व मनोविकारतज्ज्ञ मिळून ठरवतात.

*भावाला लागू पडली, मला का नको?* वय, इतर आजार व औषधे यांनुसार निवड बदलते. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला लागू होत नाही.

*खर्च परवडत नसेल तर?* गोळी एक दिवसाआड घेऊन पैसे वाचविण्याचा उपाय महागात पडतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे घाटीत, मनोविकार विभाग आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयांतूनही ही सेवा देण्याची तरतूद आहे. विमाधारक कामगारांसाठी चिकलठाण्यातच कामगार विमा रुग्णालय आहे.

*लोक काय म्हणतील?* २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा रुग्णाला उपचार मिळविण्याचा आणि ते गोपनीय ठेवण्याचा हक्क देतो. २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झालेला 'कासव' हा मराठी चित्रपट नैराश्यावरच होता. समाजही हळूहळू या विषयाकडे उघड्या डोळ्यांनी पाहू लागला आहे.

मन फारच खचले असेल आणि जवळ बोलण्यास कोणी नसेल, तर केंद्र शासनाची 'टेलिमानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्यदिनी सुरू झाली आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. गोळ्या जास्त घेतल्या गेल्याची शंका आल्यास मात्र दूरध्वनीवर वेळ न घालविता रुग्णाला, रिकाम्या वेष्टनासह, थेट रुग्णालयात न्यावे.

हे विवेचन माहितीसाठी आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. पुढच्या भेटीला जाताना चार प्रश्न मात्र कागदावर लिहून न्यावेत : गोळीचे मूळ नाव काय, गुण कधी दिसेल, कोणत्या त्रासासाठी तातडीने यावे आणि ती कधी व कशी थांबवायची. या चारांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याचा उपचार अर्ध्यावर सुटण्याची शक्यता बरीच कमी होते.